खुर्चीला आवर घालणारा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. साचा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मेणबत्त्यांचा नाहीतर साबणाच्या वड्यांचा साचा आला असेल. तसा मी नाही. मला कडा नाहीत, वजन नाही, मला घासूनपुसून फळीवर उपडं घालता येत नाही. मी कंप्युटरच्या भाषेत लिहिलेला जेमतेम दोन ओळींचा साचा आहे. दोन ओळी ऐकून नाक मुरडू नका. या दोन ओळींच्या भरवशावर आजवर कितीतरी माणसं निर्धास्त बसली आहेत, कारण मी मोटारीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत असतो.

माझा जन्म एका दुमजली कारखान्यात झाला. खालच्या मजल्यावर खुर्च्यांचे सांगाडे जोडले जात, चाकं बसत, गाद्या शिवल्या जात. वरच्या मजल्यावर खुर्चीचं डोकं लिहिलं जाई. ज्याला पायांनी चालता येत नाही तो माणूस खुर्चीच्या हातावरची छोटी दांडी पुढे ढकलतो आणि खुर्ची पुढे जाते. दांडी सोडली की ब्रेक लागतो. किती जोरात जायचं, पाठ किती कलवायची, बॅटरी किती पिळून घ्यायची, हे सगळं ठरवणारी अक्षरं वरच्या मजल्यावर लिहिली जात. खालचे लोक वरच्यांना म्हणायचे, तुमचं बरं आहे, तुमच्या हाताला काळं लागत नाही. वरचे म्हणायचे, पण झोप उडते त्याचं काय.

मला लिहिलं ते थोरलीने. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, पण घरी दोघी बहिणींत ती मोठी, म्हणून माझ्या लेखी ती थोरलीच. धाकटीचे पाय लहानपणापासून अधू होते. धाकटीला जी जुनी खुर्ची होती ती वाटेल तिथे अडायची, आणि थोरली ती ढकलत ढकलतच मोठी झाली होती. शिकून झाल्यावर चार चांगल्या नोकऱ्या सोडून ती या कारखान्यात का आली, हे वेगळं सांगायला नको.

मी जन्माला यायच्या आधी थोरली तेच तेच काम पुन्हा पुन्हा करत होती. वेगाला हद्द घालायची म्हणून एकदा लिहिलं. बॅटरीला हद्द घालायची म्हणून पुन्हा लिहिलं. पाठीच्या कलाला हद्द घालायची वेळ आली तेव्हा तिने कीबोर्ड पुढे सारला आणि स्वतःशीच म्हणाली, "शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा नमुना कापत बसतो का? एकच कागद ठेवतो, आणि येईल ते कापड त्यावर घालतो." मग तिने माझ्या दोन ओळी लिहिल्या आणि जिथे वस्तूचा प्रकार लिहायचा तिथे जागा कोरी सोडली. नाव ठेवलं आवर.

माझं काम सांगायला सोपं आहे. मला एक माप द्या, त्याची खालची हद्द सांगा आणि वरची हद्द सांगा. माप खाली घसरलं तर मी ते खालच्या हद्दीवर धरतो. वर उधळलं तर वरच्या हद्दीवर धरतो. दोन्हींच्या मधे गुण्यागोविंदाने नांदत असेल तर मी त्याच्या वाटेला जात नाही. मग ते माप वेगाचं असो, विजेचं असो, नाहीतर पाठीच्या कलाचं असो. मला भेदभाव ठाऊक नाही.

आता एक गंमत ऐका. आमच्या भाषेत माणसांनी जे लिहिलं ते यंत्र जसंच्या तसं वाचत नाही. मधे कंपायलर बसलेला असतो. तो माणसांची अक्षरं वाचतो, तपासतो, आणि मगच यंत्राला कळेल असं करून देतो. तो माणूस नाही, पण स्वभाव अगदी कडक हेडमास्तरांचा. स्वल्पविराम सुटला तर पानभर बोलतो. मला मात्र तो आधी नुसता वाचून बाजूला ठेवतो. जोवर कुणी मला हाक मारत नाही तोवर मी नसल्यात जमा. कुणी म्हणालं, 'आवर, ही वीज धर,' की तो माझ्या कोऱ्या जागेत वीज भरतो आणि विजेच्या मापाचा एक आवर तयार करतो. कुणी कल घेऊन आलं की कलाच्या मापाचा दुसरा. असा मी एकटा लिहिलेला, आणि कामापुरते अनेक झालेला. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. वरच्या मजल्यावर पुष्कळ माणसं लिहायची, आणि एकच नाव दोघांना सुचणं ठरलेलंच. म्हणून प्रत्येकाच्या लिखाणाला एक घर असे. शिकलेली माणसं त्याला नेमस्पेस म्हणतात. घरातल्या घरात नुसत्या नावाने हाक मारायची, जसं घरी नुसतं 'दादा' म्हटलं तरी भागतं. दाराबाहेर हाक मारायची तर आधी घराचं नाव लावायचं आणि मग माणसाचं, म्हणजे कुणाचा दादा ते कळतं. ही नावाची हद्द. माझ्या घराचं नाव होतं मापं. या घरात माझ्यासोबत दोन साधे साचे राहत, एक 'मोठं' आणि एक 'लहान'. मोठं दोन मापांतलं मोठं निवडायचं, लहान त्यातलं लहान. माझ्या दोन ओळींत मी या दोघांनाच हाक मारतो. आलेलं माप आणि खालची हद्द यांतलं मोठं घेतो, मग ते आणि वरची हद्द यांतलं लहान घेतो. झालं काम. घरातलीच माणसं, म्हणून थोरलीने घराचं नाव लावलं नव्हतं. कोण लावतं?

माझ्या उमेदीची वर्षं सुखाची गेली. खुर्च्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडत आणि प्रत्येकीत मी असे. मला कुणी ओळखत नसे, ओळखायचं कारणही नव्हतं. एका गृहस्थांची खुर्ची उतारावर सुसाट निघाली असती, ती मी धरली. एका आजींनी नातवंडांना हसवायला पाठ मागे मागे कलवत नेली, ती मी योग्य जागी अडवली. त्या म्हणाल्या, "मेली आणखी जात कशी नाही?" ती माझी पाठ थोपटण्याचीच त्यांची रीत, असं मी धरून चालतो. कारखान्याचे साहेब नव्या लोकांना माझ्या ओळी दाखवत आणि म्हणत, असं लिहायला शिका. थोरली अशा वेळी काहीतरी शोधायचं निमित्त काढून टेबलाखाली वाकायची.

मग नवं मॉडेल आलं. त्यात मोटार नवी, चाकं नवी, आणि मोटारीचं गणित लिहायला माणूसही नवा. त्याला सगळे मोटारवाला म्हणत. सरळ, हुशार, आणि डब्यातला शेवटचा घास दुसऱ्याला देणारा माणूस. आधी वेग म्हणजे नुसता आकडा असे. मोटारवाल्याने वेगासाठी खास प्रकार केला, आणि तो आपल्या घरात, 'मोटार' नावाच्या घरात ठेवला. यात चूक काहीच नव्हती. नुसता आकडा म्हणजे विजेचा की वेगाचा कळत नाही. प्रकार केला की घोळ होत नाही.

या नव्या खुर्च्यांतली पहिली खुर्ची धाकटीला मिळाली. तिला ती का हवी होती, ते आता सांगतो.

धाकटी घड्याळं दुरुस्त करायला शिकली होती. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरून बसवायच्या, नखाएवढी चाकं पुसायची, हे काम तिला असं साधलं होतं की शेजारपाजारची बंद घड्याळं आपण होऊन तिच्या टेबलावर यायची. गावातल्या जुन्या घड्याळाच्या दुकानाच्या मालकांची नजर आता अधू झाली होती. त्यांनी तिचं काम बघितलं आणि तिला आपल्या बाकावर बसायला बोलावलं. अडचण एकच होती. दुकान म्हणजे जेमतेम एक बोळ. एका बाजूला बाक, पाठीशी काचेचं कपाट, मधे एक खुर्ची कशीबशी मावेल एवढीच वाट. ढकलायला दुसरं माणूस आत मावणं शक्य नव्हतं. घरी तिला टेबलाशी सरकवायला आई असे, नाहीतर थोरली. इथे तिला स्वतःच बाकापासून बोटभर अंतरावर जाऊन थांबता आलं पाहिजे आणि स्वतःच निघता आलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या हाताशिवाय कुठेतरी बसणार होती. त्या खुर्चीत मी होतो, आणि मित्रांनो, मला माझ्या दोन ओळी कधी नव्हत्या एवढ्या मोलाच्या वाटल्या.

रस्त्याने खुर्ची झोकात आली. थोरली मागून चालत होती, हात पाठीशी बांधून, म्हणजे चुकून ढकललं जाऊ नये. निघताना खुर्चीला बारीकसा हिसका बसायचा, पण चाकं नवी आहेत, रुळतील, असं सगळेच म्हणत होते. दुकानाच्या दारातून धाकटी बरोबर आत शिरली. थोरली उंबऱ्याबाहेर थांबली. मालक बाकाच्या टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, "ये पोरी, सावकाश ये."

धाकटीने दांडी हलकेच पुढे केली. खुर्ची मागे गेली.

नुसती गेली नाही, जोराने गेली आणि पाठीमागच्या कपाटावर आदळली. काच तडकली. दुरुस्त होऊन गिऱ्हाइकांची वाट बघणारी घड्याळं फळीवरून घरंगळली. धाकटीने दांडी सोडली, ब्रेक लागला, आणि दुकानात फक्त टिकटिक उरली.

मालक वाकून एकेक घड्याळ उचलू लागले. उचलून कानाशी धरत आणि फळीवर ठेवत. मग म्हणाले, "तुझ्या हाताला नाव ठेवायला जागा नाही, पोरी. पण दुकान बघतेस ना केवढंसं आहे. खुर्ची ताब्यात आली की ये. महिनाअखेरपर्यंत मी थांबतो. त्यापुढे मला दुसरं माणूस बघावं लागेल, डोळे काही ऐकत नाहीत माझे."

परत येताना थोरली म्हणाली, "घाबरली असशील तू. हात थरथरला असेल आणि दांडी मागे ओढली गेली असेल."

धाकटीने खुर्ची थांबवली. "ताई, केसाएवढी स्प्रिंग मी श्वास रोखून बसवते. तो हात थरथरत नाही."

"तसं नाही गं, पण नव्या जागी होतं असं कुणाचंही."

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी सरकवायला धाकटीने आईला हाक मारली. थोरली तिथेच दोन पावलांवर उभी होती. तिला ते लागलं, आणि लागावं म्हणूनच ते केलं होतं. मलाही वाईट वाटलं. थोरलीला माझ्यावर एवढा विश्वास होता की तिने बहिणीच्या हातावर संशय घेतला. एवढा विश्वास मी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पेपर वाचत होती आणि चाकांची खुर्ची टेबलाजवळ रिकामी उभी होती. थोरली कारखान्यात जायला निघाली, दारापर्यंत गेली, आणि परत फिरली. पर्स खाली ठेवून ती खुर्चीत बसली. दांडी तिने पुढे ढकलली, अगदी हलकेच, जशी टेबलाशी सरकायला ढकलावी तशी.

खुर्ची मागे गेली आणि स्वयंपाकघराच्या दारावर धाडकन आदळली.

आतून आईचा आवाज आला, "काय गं, तुझाही हात थरथरला का?"

धाकटीने पेपर तोंडासमोरून काढला नाही, पण पेपर हलत होता, म्हणजे ती हसत होती. थोरली खुर्चीतून उठली नाही. तिने पुन्हा हळू ढकललं, पुन्हा मागे. जोरात ढकललं, तर एक हिसका आणि पुढे. मग तिने बहिणीकडे बघून सांगितलं, "चुकले मी. तुझ्या हाताचं काही नव्हतं."

"चुकलीस ते नंतर कबूल कर," धाकटी म्हणाली, "आधी ते शोध. महिना काही माझ्यासाठी थांबणार नाही."

कारखान्यात मोठी चर्चा झाली. सगळ्यांनी खुर्ची पळवून पाहिली होती, सावकाश चालवून कुणीच पाहिली नव्हती. आता सावकाश चालवली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. दांडीतून आकडा बरोबर येत होता. मोटार सांगितलेलं बिनचूक करत होती. मधे कोण? मधे मी. माझ्यात शिरताना वेग हळू पुढे असा होता, आणि बाहेर पडताना जोरात मागे असा. थोरली माझ्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मी तोच होतो, एक अक्षरही बदललेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर आळ आला आणि मला तोंड उघडून सांगता येईना.

साहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "ताई, हा साचा काढून टाका. प्रत्येक ठिकाणी सरळ हाताने लिहा. लांबेल, पण निदान डोळ्यांना दिसेल काय चाललंय ते."

थोरलीने माझ्या दोन्ही ओळी निवडल्या. पडद्यावर मी निळा झालो. निळं झालेलं काही परत येत नाही, हे मी शेजारच्या ओळींच्या बाबतीत पाहिलं होतं.

तेवढ्यात मोटारवाला मागून म्हणाला, "ताई, थांबा जरा. तुमच्या या ओळीत 'मोठं' आहे. माझ्याकडेही एक 'मोठं' आहे."

"असू दे की. ते तुमच्या घरात आहे. इथे कशाला येईल?"

"येऊ नये. पण माझं मोठं वेगळ्या तऱ्हेने मोजतं, म्हणून सांगितलं."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. खुर्ची पुढे जाते तेव्हा वेग शून्याच्या वर असतो, मागे जाते तेव्हा शून्याच्या खाली. पुढे एक, म्हणजे हळू पुढे. उणे दोन, म्हणजे मागे जाण्याची सगळ्यात जोराची हद्द; वेगाची खालची हद्द तीच. माझ्या घरातल्या मोठंला विचारा, एक आणि उणे दोन यांत मोठं कोण, तर ते म्हणेल एक. शाळेतही तुम्ही हेच शिकता. पण मोटारवाल्याला मोटार किती तापेल ते काढायचं होतं. मोटार पुढे फिरो की मागे, जोरात फिरली की तापते. म्हणून त्याच्या मोठंला उणे दोन हे एकापेक्षा मोठं वाटे. त्याच्या घरी हेच बरोबर होतं.

थोरलीने मग एक युक्ती केली. मोटारवाल्याच्या मोठंवर तिने पाटी लावली की याला कुणीही वापरायचं नाही, आणि सगळं कंपायलरकडे दिलं. आता जो कुणी ते वापरत असेल त्याच्या नावाने कंपायलर ओरडणार. मोटारवाल्याच्या स्वतःच्या ओळींवर तो ओरडला, ते अपेक्षितच होतं. पण पुढेही तो थांबला नाही. पानभर तक्रारीच्या शेवटी लिहिलेलं होतं की आवर नावाच्या साच्यातूनही याला हाक गेली आहे.

म्हणजे झालं होतं असं. आमच्या भाषेची एक जुनी रीत आहे. पाहुणा, म्हणजे आलेलं माप, ज्या घरचा, त्या घरची माणसंही हाकेला ओ देऊ शकतात. जोवर माझ्याकडे नुसते आकडे येत, तोवर त्यांना घरच नव्हतं, म्हणून माझ्या हाकेला माझ्याच घरचे ओ देत. आता वेग आला मोटारच्या घरून. मी नेहमीसारखी 'मोठं' अशी हाक मारली, तर दोन मोठं उठून उभी राहिली. माझ्या घरचा होता कुणालाही चालेल असा साचा. मोटारच्या घरचा होता खास वेगाच्या मापाचा. कंपायलरने नियमाप्रमाणे खास मापाचा निवडला आणि चकार शब्द काढला नाही. नियम मोडला असता तर त्याने घसा फोडला असता, पण इथे नियम कुणीच मोडला नव्हता. जोरात ढकललं की पुढचा वेग कोणत्याही हिशोबाने मोठाच ठरे, म्हणून खुर्ची पुढे जाई. हळू ढकललं की उणे दोन मोठं ठरे आणि खुर्ची मागे जाई.

मोटारवाल्याचा चेहरा पडला. "नाव दुसरं ठेवायला हवं होतं मी."

"तुमच्या घरात तुम्ही हवं ते नाव ठेवाल," थोरली म्हणाली. "हाक माझी होती. कुणाला मारतेय ते मी सांगितलंच नाही."

साहेबांचं अजून हेच म्हणणं होतं की साचा नको. तेव्हा थोरली जे बोलली ते मी जन्मभर जपून ठेवलं आहे. "साहेब, हेच पाच ठिकाणी हाताने लिहिलं असतं तर पाचही ठिकाणी मी हीच हाक मारली असती. पाच जागी चूक, आणि पाच जागी शोधाशोध. साचा आहे म्हणून एका जागी सापडली. एका जागी सुधारते, सगळ्या खुर्च्या सुधारतील."

साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "करा. पण आता हळू चालवून दाखवा, माझ्यासमोर."

तिने माझ्या ओळींत दोनच ठिकाणी हात लावला. मोठंच्या आधी आमच्या घराचं नाव लावलं, लहानच्या आधीही लावलं. घराचं नाव घेऊन हाक मारली की दुसऱ्या घरचं कुणी उठत नाही. मोटारवाल्याने आपणहून आपल्या मोठंचं नाव बदलून 'जोरकस' ठेवलं. साहेब स्वतः खुर्चीत बसले आणि गोगलगाईला लाज वाटेल अशा चालीने टेबलापर्यंत गेले. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात उभी राहून बघत होती. त्यातलं कुणीतरी म्हणालं, साहेबांना इतकं सावकाश काम करताना आम्ही प्रथमच बघतो आहोत.

मग पुन्हा तो दुकानाचा बोळ. कपाटाला नवी काच बसली होती. मालकांनी या वेळी खालच्या फळीवरची घड्याळं वर हलवली होती, म्हणजे त्यांचाही पुरता विश्वास बसला नव्हता. थोरली उंबऱ्याशी उभी होती आणि ओठ चावत होती.

धाकटीने वळून तिच्याकडे बघितलं. "ताई, तू जा बघू कामाला."

"बघते ना एकदा."

"तू तिथे उभी राहिलीस की माझा हात थरथरतो."

थोरलीला हसू आलं आणि डोळे भरून आले, आणि या दोन्हींचं काय करावं हे न कळून ती खरंच निघून गेली. कोपऱ्यावर जाऊन थांबली असेल, ते मला दिसलं नाही.

धाकटीने दांडीला बोट लावलं. वेग माझ्याकडे आला, अगदी बारीक, पुढच्या दिशेचा. मी त्याला खालच्या हद्दीशी ताडून पाहिलं, वरच्या हद्दीशी ताडून पाहिलं. तो दोन्हींच्या मधे होता. मी त्याच्या वाटेला गेलो नाही. खुर्ची पुढे सरकली, आणखी थोडी सरकली, आणि बाकापासून बोटभर अंतर ठेवून थांबली. धाकटीने कोपरं बाकावर टेकली. मालकांनी ड्रॉवर उघडला, एक बंद मनगटी घड्याळ काढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि स्वतःचं डोळ्याला लावायचं भिंगही त्याच्या शेजारी ठेवलं. माझ्या आयुष्यात पुष्कळ मोठे वेग आले. पण ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त खूष आहे तो हा एवढासा वेग.

त्याला आता बराच काळ लोटला. थोरली आता वरच्या मजल्याची साहेब आहे आणि मोटारवाला तिच्या हाताखाली खुशीत आहे. आमची भाषाही थांबून राहिलेली नाही. तिच्या नव्या आवृत्तीत माझंच काम करणारा तयार साचा भाषेसोबतच मिळतो. नवी मुलं-मुली तोच वापरतात. कुणी माझी फाईल उघडलीच तर म्हणतं, हे कोणी लिहिलं, कशाला लिहिलं, तयार मिळतं की. ऐकून थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? नव्या खुर्च्यांत आता मी नसतो. जुन्या खुर्च्या एकेक करून भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर माझी एकेक प्रत जाते. कंपायलर मला अजून वाचतो, बाजूला ठेवतो, आणि दिवसेंदिवस मला हाक येत नाही.

पण म्हणून मी मान खाली घालणार नाही. तयार साच्यापेक्षा मी कमी नाही, आणि तो माझ्यापेक्षा कमी नाही. काम झाल्याशी मतलब. धाकटीच्या खुर्चीत अजून मीच आहे. कारखान्याने नवी देऊ केली, तर ती म्हणाली, ही बिघडली की सांगते. ती सांगत नाही, कारण ही बिघडत नाही. रोज सकाळी ती दुकानाचं कुलूप स्वतः उघडते, मालक आता कधीमधी येऊन गिऱ्हाइकासारखे बाहेर बसतात, आणि रोज सकाळी मी तिला बाकाशी नेऊन सोडतो.

तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्याचं मागणं फार मोठं नाही. मला जपा असं मी म्हणत नाही, ओळी काय, येतात आणि जातात. तुम्हीही उद्या काहीतरी लिहाल, काहीतरी बनवाल, आणि ते नीट झालं म्हणून तुमची छाती फुगेल. फुगू दे, माझीही फुगते. फक्त एवढं करा. हाक माराल तेव्हा कुणाला मारता ते स्पष्ट सांगा. आणि कुणी येऊन म्हणालं की तुमची खुर्ची मागे जाते, तर त्याच्या हाताकडे बघण्याआधी त्या खुर्चीत एकदा स्वतः बसा.